शिंपल्यांवरची लाल वळणं

ओलीटाने सुरई घडवली त्याला तीन दिवस झाले होते. माती सुकून जाऊ नये म्हणून ती सकाळ-संध्याकाळ तिच्यावर ओलं फडकं टाकत होती. फार दिवस हे चालणार नव्हतं. शनिवारी नातीला त्यांच्या क्वापॉ जमातीच्या भाषेतलं नाव मिळायचं होतं, आणि नाव देणाऱ्या वडीलधाऱ्या बाईंच्या हातात घरची सुरई द्यायची ही या घरची रीत. ओलीटाने घडवायचं आणि नवऱ्याने, वेल्डनने, त्यावर तांबडे-पांढरे वळणदार पट्टे ओढायचे, असं एकेचाळीस वर्षं चालत आलं होतं. गेल्या हिवाळ्यात त्याला झटका आला, उजवा हात लुळा पडला, आणि गड्याने कुंचल्याचं नावच टाकलं.

"तूच ओढ," तो म्हणायचा. "मी कशाला हात दाखवून अवलक्षण करू?"

ओलीटाला ओढता आलं असतं. पण तिने ओढलं की वेल्डन कायमचा खिडकीतल्या खुर्चीचा झाला, हे तिला पक्कं ठाऊक होतं. याच धास्तीने तिला जेवण जात नव्हतं.

भांडं तडकू नये म्हणून मातीत शिंपल्यांची पूड मिसळायची असे; बुधवारी तिने पुढच्या मातीसाठी शिंपले भाजले. स्प्रिंग नदीतून वेचलेल्या शिंपल्यांची टोपली पडवीत असायची. ती तिने न बघताच विस्तवात उपडी केली. शिंपले निवल्यावर कुटायला बसली, तर एकाच्या आतल्या बाजूला तिला लाल वळण दिसलं. दुसऱ्यातही होतं, चौथ्यातही. रंग सुरईवरच्या पट्ट्यांचाच, गेरूचा, म्हणून आगीत टिकला होता. काही रेघा लहान पोराने ओढल्यासारख्या थरथरत्या होत्या, काही जरा सरळ. एका शिंपल्यात तर अख्खा भोवरा जमला होता.

डाव्या हाताचं काम होतं ते. म्हातारा चोरून गिरवत होता, आणि ती त्याचं गिरवणं भाजून, कुटून मातीत घालत होती. सुरईची मातीही याच टोपलीतल्या शिंपल्यांची. तीत किती रेघा गेल्या असतील कोण जाणे! ओलीटाला हसू आलं आणि लगेच रडूही. तो भोवऱ्याचा शिंपला तेवढा तिने एप्रनच्या खिशात टाकला.

मग ती सुरई मांडीवर घेऊन वेल्डनच्या समोर बसली आणि गेरूत बुडवलेला कुंचला त्याच्या डाव्या हातात खुपसला.

"हे काय?"

"तू नुसता धरून ठेव. सुरई मी फिरवते."

"वाकडं होईल."

"होऊ दे. तू कुठे सरळ आहेस?"

तो गुरगुरला, पण कुंचला टेकवला. ओलीटाने सुरई हळूहळू फिरवली. रेघ मानेपासून निघाली, पोटावर येताना डगमगली, खाली जाऊन वळली. पहिला पट्टा पुरा झाला तेव्हा वेल्डनच्या कपाळावर घाम होता.

"पूस तो. लोकांना दाखवण्यासारखा नाही."

"नाही पुसणार."

"ओलीटा, बाई येतील, सगळे बघतील."

"बघू देत. नदी तरी कुठे सरळ वाहते?"

तिने खिशातला शिंपला काढून त्याच्या गुडघ्यावर ठेवला. त्याने त्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि कानापर्यंत लाल झाला.

"बाकीचे?"

"भाजले. कुटलेसुद्धा. मला काय ठाऊक? मला सांगायचं होतंस रे."

"तू हसली असतीस."

"हसलेच असते. एकेचाळीस वर्षं हसतेच आहे. त्याने तुझं काय बिघडलं?"

वेल्डनचं तोंड एका बाजूने वर गेलं. दुसरी बाजू हलली नाही, पण ते हसूच होतं. हिवाळ्यानंतरचं पहिलं. ओलीटाने सुरई सोडली नाही, नाहीतर त्याला तिथेच मिठी मारली असती.

त्याने कुंचला पांढऱ्या रंगात बुडवला.

"बघत काय बसलीस, म्हातारे?" तो म्हणाला. "फिरव."