एक कोटीची सोनेरी नोट

वत्सलाबाईंच्या देवघरातून त्यांच्या बापाने दिलेली नोट नाहीशी झाली, त्याला तीन वर्षं होत आली होती. नोट दोन रुपयांची, मागे वाघाचं चित्र. सटाण्याच्या त्या शेतकऱ्याने कन्यादान करून उठल्या उठल्या, हळदीच्या हातांनीच ती लेकीच्या मुठीत कोंबली होती, आणि वर्षाच्या आत तो गेला. बापाचं म्हणून बाईंकडे तेवढंच उरलेलं. दर लक्ष्मीपूजनाला ती ताटात ठेवायची, हळदीकुंकू वाहायचं आणि परत देवांच्या पाटाखाली सरकवायची. आता पाटाखाली काही नव्हतं. बाईंनी डबे उपसले, उंदरांना शिव्या घातल्या, आपल्या वेंधळेपणाला तर रोजच.

आणि ताटात तिच्या जागी काय आलं? नवऱ्याची, जयरामरावांची, सोनेरी नोट! सिंहस्थात त्र्यंबकेश्वरला स्नानाला म्हणून गेलेला हा माणूस एका फेरीवाल्याच्या नादी लागला आणि चकाकता कागद घेऊन घरी आला. एका बाजूला देऊळ, दुसऱ्या बाजूला लक्ष्मी आणि मधोमध 'एक कोटी'. सोबत शिक्का मारलेलं प्रमाणपत्र. कोटीची नोट विकणाऱ्यावर उन्हातान्हात फेरी करायची वेळ का यावी, एवढा साधा प्रश्न जन्मभर सरकारी कचेरीत फायली चाळलेल्या माणसाला पडू नये! कर्म आमचं.

वर मिजास केवढी. नोटेला फ्रेम केली, ती बैठकीत टांगली. दूधवाल्याला दाखवली, व्याह्यांना दाखवली. पुढे हिला सोन्याचा भाव येणार, संग्राहक दारात रांग लावणार, म्हणे. आज जिला काडीची किंमत नाही, तिला उद्या कुठून येणार, असं बाईंच्या ओठावर यायचं. पण बोललं की जेवताना भाषण ऐकावं लागायचं, म्हणून त्या गप्प बसत.

दोन हजार सहाच्या दिवाळीच्या तोंडावर पंचवटीतल्या एका मंगल कार्यालयात जुन्या नाण्यांचं आणि नोटांचं प्रदर्शन भरलं. जयरामराव फ्रेम टॉवेलात गुंडाळून निघाले. आपला विजय बघायला बायको हवी, म्हणून तिलाही रिक्षात बसवलं.

तिथे चंदरशेठ नावाचे नोटांचे जुने व्यापारी बसले होते. त्यांनी फ्रेम हातातसुद्धा घेतली नाही. "काका, ही नोटच नाही, चित्र आहे. आवडत असेल तर भिंतीवर ठेवा. गिऱ्हाईक मिळायचं नाही."

जयरामरावांनी प्रमाणपत्र पुढे केलं. तेही त्याच छापखान्यातून येतं, चंदरशेठ म्हणाले. कुणीही हवी तेवढी छापू शकतो, ती वस्तू जमवणार कोण? आजूबाजूचे हसले. वत्सलाबाईंना मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोला. जेवणाच्या ताटावरची सगळी भाषणं वसूल झाली.

जयरामरावांचे कान लाल झाले. फुकट नाही घेतली, त्यांनी ठासून सांगितलं, फेरीवाल्याला पैसे दिले आणि वर एक जुनी नोटही दिली. दोन रुपयांची, वाघाची. निदान तिचे तरी किती आले असते?

बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली.

नोट कशी होती, चंदरशेठनी विचारलं. घडीवर विरलेली, हळदीकुंकवाने माखलेली, जयरामरावांनी वर्णन केलं. चंदरशेठ कंटाळून म्हणाले की अर्धं नाशिक नोटा पुजतं आणि मग विकायला आणतं. डाग पडलेली नोट कोणी घेत नाही. फेरीवाल्याने ती कुठल्या तरी टपरीवर दोन रुपयांना खपवली असेल.

जयरामरावांचा चेहरा खुलला. बायकोकडे वळून ते म्हणाले, "ऐकलंस? म्हणजे आपलं काहीच गेलं नाही."

वत्सलाबाई रडल्या नाहीत. या माणसापुढे रडणंसुद्धा त्यांना महाग वाटलं.

"मी पाटाखाली वाकून शोधत होते," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही बॅटरी धरून उभे होतात."

जयरामराव काहीतरी पुटपुटले. तेव्हा काय सांगायचं, तू उगीच आकांत केला असतास, असलं काहीसं.

"यंदाचं लक्ष्मीपूजन तुम्हीच करा. ताटात तुमची कोटी ठेवा. मी भावाकडे सटाण्याला चालले."

त्यांनी पिशवी उचलली. मग नैवेद्याचं कोण बघणार, हे जयरामरावांनी विचारेपर्यंत बाई दाराबाहेर गेल्या होत्या.