थंड गोदामाची पाठ

मानकोलीच्या पंढरीशेठनी भाताचं शेत गोदामवाल्यांना भाड्यानं दिलं, तेव्हा एकच अट घातली: दार दक्षिणेला नको. दक्षिण म्हणजे यमाची दिशा. कंपनीवाले समंजस निघाले, त्यांनी अख्खा नकाशाच उलटा फिरवला. दार उत्तरेला गेलं, पाठ दक्षिणेला आली. दक्षिणेला पंढरीशेठचं घर होतं.

गोदाम थंड, आत चॉकलेटं. "थंड गोदाम आला का गावालाबी गारवा येल," असं पंढरीशेठनी गावकीत छातीठोक सांगितलं होतं. गारवा आला, पण आतच राहिला. आतली गरमी तेवढी पाठीवरच्या मोठमोठ्या पंख्यांतून, वाफेसकट, त्यांच्या मागच्या दारात येऊन पडू लागली. कपडे वाळेनात, घाम सुकेना. चैत्रात त्यांची बायको, कमळवहिनी, ओट्यापाशीच कोसळल्या.

"उन्हात फिरल्या होत्या का?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाय, सयपाकघरातच व्हती."

"पुन्हा असं झालं तर वाचायच्या नाहीत. गारव्यात ठेवा."

पंढरीशेठनी गोदामाचा मॅनेजर गाठला. "कुणाल, ते पंखे फिरव बाबा. माझी बायको मरंल."

"काका, फिरवलेलेच आहेत ना. तुमच्याच सांगण्यावरनं."

"मंग तिला दुपारची आत बसू दे. एका कोपऱ्यात."

"चॉकलेटला घामाचा वास लागतो, काका."

पोरगा मनाचा चांगला. त्यानं कंपनीतर्फे घरी एसी पाठवला. एसीचा बाहेरचा डबा कुठं लावायचा, हा प्रश्न आला. मागं गोदामाची वाफ. तिथं डबाच तापून बंद पडला असता. म्हणून तो बाजूच्या बोळात लावला. बोळापलीकडं धाकट्या भावाचं, हिरामणचं, स्वयंपाकघर होतं.

वहिनींच्या तोंडावर रंग आला. जेवण जाऊ लागलं, झोप लागू लागली. मग एका दुपारी अर्धवट उघड्या खिडकीतून बोळापलीकडची हाक आली. हिरामणची बायको, चंद्रा.

"जाऊबाय, बरा वाटतंय ना गो?"

"वाटतंय. तुझा आवाज असा का येतो?"

"काय न्हाय. सकालपासून गरगरतंय नुसता."

कमळवहिनी उठून बसल्या. नवऱ्याकडं बघत म्हणाल्या, "आवो, बंद करा तो एसी."

पंढरीशेठ उठले. त्यांनी खिडकी बंद केली.