पाळण्याची फळी

मी एक जुनी काचपेटी आहे. कझाकस्तानातल्या करागंदा शहरात खिडक्यांना काचा बसवणाऱ्या साबित आजोबांनी मला घडवले. त्यांची नात मोल्दिर पाळायला सापाचे पिल्लू आणणार होती, जेमतेम पेन्सिलीएवढे. तिने लहानशी पेटी मागितली होती, पण आजोबा ऐकतील तर शपथ!

"पाहुण्याला काय खोक्यात कोंबायचं? लोक तोंडात शेण घालतील!"

मला त्यांनी चांगली ऐसपैस घडवून मानाच्या जागी ठेवले, दारापासून सर्वांत दूर, जिथे आमच्याकडे पाहुणा बसतो. शेजारी बघायला आले, वाहवा झाली आणि मी हुरळून गेले.

मित्रांनो, त्या पिल्लाला माझ्यात कुठेच आडोसा नव्हता. ते काचेला नाक घासत फिरायचे. त्याने खाणे टाकले. "रुळेल गं," आजोबा म्हणत राहिले. एका सकाळी पिल्लू माझ्या डाव्या कोपऱ्यात मरून पडलेले दिसले.

मग मी बाल्कनीत, कांद्यांच्या पोत्याखाली गेले. माझ्यात कोणीच नव्हते, तरी काचेवर नाक घासल्याचा आवाज येतच राहिला.

काही वर्षांनी मोल्दिरने दुसरे पिल्लू आणले. आजोबांनी मला पुसून पुन्हा त्याच जागी मांडले. या पिल्लानेही भक्ष्याला तोंड लावले नाही. मोल्दिर रडू लागली, तशी कुल्याश आजी कडाडली, "अहो, पाहुणा पाहुणा काय लावलंय? तान्हं पोर आहे ते! ही जन्मली तेव्हा हिला काय माळरानावर मोकळं सोडलं होतं? पाळण्यात घट्ट बांधलं, तेव्हा कुठे झोपली कार्टी!"

आजोबांनी मोल्दिरच्या जुन्या पाळण्याची फळी काढली आणि माझ्यात आडवी बसवली. अलीकडे चपलांच्या खोक्याएवढी जागा उरली. तीत झाडाच्या सालीचा तुकडा ठेवला. पिल्लू सालीखाली शिरले आणि त्याच आठवड्यात जेवले.

ते वाढेल तशी आजोबा फळी सरकवत गेले. फळीपलीकडचे नाक घासणे मात्र चालूच होते. शेवटी फळी काढायला आजोबा राहिले नाहीत; मोल्दिरने ती डोळे पुसत काढली.

मित्रांनो, लहान जिवाला घर देताना आपला मोठेपणा मोजू नका, त्याचे इवलेसे अंग बघा.

साप आता मोठा झाला आहे. फळी निघाली त्या दिवशी तो माझ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला आणि डाव्या कोपऱ्यात वेटोळे घालून बसला. तो तिथेच झोपतो. त्याच्या अंगाखालून अजून कोणीतरी नाक घासत असते.