वाद्यवृंदाचा माइक, भाषणांच्या तावडीत

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे आणि माणसांच्या बोलण्याला पार वैतागलो आहे. तुम्ही म्हणाल, बोलणं दूरवर पोचवायलाच तर तुझा जन्म. पण मला विकत घेतलं होतं ते गाण्या-वाजवण्यासाठी.

मी कुठल्या कारखान्यात घडलो ते मला धड आठवत नाही. आठवतं ते लातूरच्या दुकानातलं काचेचं कपाट, आणि तिथून मला उदगीरला घेऊन आलेले शंकरप्पा. त्यांची धान्याच्या मोंढ्यात अडत. दिवसभर तूर-हरभऱ्याचे सौदे आणि संध्याकाळी बासरी. गावातले हौशी वाजवणारे गोळा करून त्यांनी वाद्यवृंद उभा केला. त्यात लग्नाच्या बँडमधले क्लॅरिनेटवाले आनंदराज होते, आणि व्हायोलिन वाजवणारी शंकरप्पांची सून मंजुश्री. अडतीमागच्या गोदामात पोत्यांना टेकून तालीम चाले. तिथं मंजुश्रीचं व्हायोलिन पहिल्यांदा माझ्यातून घुमलं. ते माझे सुखाचे दिवस.

पण शंकरप्पांचा स्वभाव भिडस्त. जो मागेल त्याला ते मला देऊन टाकत. मला बारशाला नेलं, प्रचाराला नेलं, कुणाची शेळी हरवली तरी नेलं. ज्याच्या हाती पडेन तो आधी माझ्या डोक्यावर टिचक्या मारी, मग जाळीत फुंकर घाली. एका सभेत तर मी आपटलो आणि जाळीला पोचा पडला. घरी आल्यावर मंजुश्रीने माझ्यावरचे पानाचे शिंतोडे पुसले, उकललेल्या जागी चिकटपट्टी गुंडाळली. सासऱ्यांकडे बघत तिने पट्टी जरा जास्तच आवळली.

गोदामाचे पत्रे गळत आणि पावसाळ्यात वाद्यं भिजत. म्हणून यंदा मे महिन्यात वाद्यवृंदाच्या मदतीसाठी मैफल ठरली. एका मंगल कार्यालयाच्या मालकाने हॉल फुकट दिला. अट एवढीच, की त्याच दिवशी संध्याकाळी तिथं एका मुलीची हळद होती; ती माणसं आली की हॉल सोडायचा. तिकिटं बरी खपली. शंकरप्पांनी गावातल्या झाडून सगळ्या मान्यवरांना बोलावलं, कारण प्रमुख पाहुणे गोदामाला नवे पत्रे देण्याचं जाहीर करणार होते.

मित्रांनो, मैफल सुरूच होईना. आधी हार, मग शाल, मग फेटा. ज्याचा सत्कार झाला त्याला दोन शब्द बोलायचेच होते. आनंदराज क्लॅरिनेटच्या तोंडाची वेताची पट्टी ओठांत धरून ओली ठेवत बसले होते. मंजुश्री तारा लावी, उकाड्याने त्या उतरत, ती पुन्हा लावी. प्रमुख पाहुणे उठले ते स्वतःच्या जन्मापासून सुरू झाले. मागच्या रांगा रिकाम्या होऊ लागल्या. मी तरी काय करणार? माझ्यात पडलेला प्रत्येक शब्द मला मोठा करावाच लागतो.

तेवढ्यात नवरीचे वडील अण्णाराव आत आले. त्यांच्या मागे हळदीची ताटं घेतलेल्या बायका दारात उभ्या राहिल्या. अण्णाराव शंकरप्पांजवळ येऊन हळूच म्हणाले, "आप्पा, आमची हळद खोळंबून राहिली."

शंकरप्पांनी पाहुण्यांकडे पाहून हात जोडले. पाहुण्यांना तो नमस्कार वाटला. त्यांनी मान डोलावली आणि चौथीच्या वर्गातली आठवण काढली.

मंजुश्री उठली, पाहुण्यांच्या मागे गेली आणि तिने माझी वायर उपसली.

पाहुणे तसेच बोलत राहिले. आपला आवाज पहिल्या रांगेपलीकडे जात नाही हे बऱ्याच वेळाने त्यांच्या ध्यानात आलं. ते वळले.

"साहेब, लई वेळ झाला," मंजुश्री म्हणाली. "लोक आमचं वाजवणं ऐकायला आलेत." मग ती सासऱ्यांकडे वळली. "मामा, पत्रे न्हाई मिळाले तर न्हाई. पण आज वाजवल्याशिवाय मी घरी येत नसते."

उभ्या जन्मात शंकरप्पांनी कुणाला दुखवलं नव्हतं. पण आता त्यांनी पाहुण्यांच्या हातून मला अलगद काढून घेतलं, खुर्चीवर ठेवलं आणि बासरी उचलली. पाहुणे तडक निघून गेले.

"एकच वाजवा," अण्णाराव म्हणाले.

ते माझ्याविनाच वाजवू लागले. मंजुश्रीचा पहिला सूर थरथरला, मग ठरला. लोक आपापल्या खुर्च्या उचलून पुढे आले. हळदीच्या बायका ताटं मांडीवर घेऊन खालीच बसल्या. खरं सांगतो, आधी मला जरा लागलं. पण इतकी वर्षं दुसऱ्यांना ऐकवण्यातच गेली होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा नुसतं ऐकलं.

वाजवणं थांबलं तशी मंजुश्री व्हायोलिन पेटीत ठेवू लागली. अण्णारावांनी तिला हातानेच थांबवलं. "आजून एक होऊ द्या, ताई. हळद कुठं पळून चालली?"

नवे पत्रे काही मिळाले नाहीत. शंकरप्पा माफी मागायला पाहुण्यांच्या घरी गेले आणि माफी न मागताच दारातून परत आले. तिथून ते सरळ गोदामात आले. तालमीत मंजुश्रीच्या शेजारी बसले आणि तिला म्हणाले, "सूर दे." तिकिटांच्या पैशातून ताडपत्री आणली आहे. वाद्यं आणि मी, आम्ही सगळे सध्या तिच्याखाली दाटीवाटीने राहतो.

मित्रांनो, तुमच्याही हातात कधीतरी एखादा माइक येईल. तेव्हा स्टेजच्या कडेला वाद्यं घेऊन ताटकळलेल्या माणसांकडे एकदा बघा. काय बोलायचं ते थोडक्यात बोला आणि आम्हाला हळूच खाली ठेवा.