नोंदवहीतलं टिंब

धरणाच्या पाण्याची पातळी रोज सकाळी सहाला मोजायची, हे ह्यांचं काम. नव्वद पायऱ्या उतरायच्या, भिंतीवरच्या पट्टीचा चिखल खराट्याने झाडायचा, आकडा पाहायचा आणि नोंदवहीत लिहायचा. दरवाजे किती उघडायचे ते त्या आकड्यावर ठरतं. ह्यांचे गुडघे गेले तेव्हापासून मी उतरू लागले. आकडे त्यासाठीच शिकले, अक्षरं नंतर. तेरा वर्षं ह्यांनी फक्त सही केली.

वारा असला की पाणी हलतं. मग मी तीनदा पाहायची, मधला आकडा धरायची आणि शेजारी टिंब द्यायची. हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

ह्यांची निवृत्ती जवळ आली तसा त्या जागेसाठी मीही अर्ज केला. कार्यालयात अकरा माणसं, अकराही पुरुष. ह्यांच्या बरोबरीचा कारकून म्हणाला, "वहिनी, इथे बायकांसाठी साधी मोरीसुद्धा नाही." सगळे हसले.

"पट्टी तर बाहेर आहे, भावजी," मी म्हटलं.

मुलाखतीत साहेबांनी जुनी नोंदवही उघडून टिंब कसलं ते विचारलं. माझ्या आधीच्या चौघांना सांगता आलं नव्हतं. एकाने तर शाई सांडली असेल म्हणून ठोकून दिलं होतं. मी नीट सांगितलं. साहेब खूश झाले. मग त्यांनी माझा अर्ज वहीशेजारी ठेवला. माझा सातचा आकडा पोटात जरा वाकडा असतो. वहीतही तोच होता.

"नोंदी तुम्ही केल्यात?" त्यांनी आवाज खाली आणला. "तसं असेल तर ही वही खोटी ठरते. मला वर कळवावं लागेल."

हे बाहेर बाकावर बसले होते. ह्यांचे निवृत्तीचे कागद त्याच टेबलावर सहीसाठी पडले होते.

"नाही साहेब. ह्यांचे आकडे गिरवूनच मी शिकले."

"म्हणजे अनुभव काहीच नाही," असं म्हणून त्यांनी वही मिटली.

ह्यांच्या कागदांवर त्याच दिवशी सही झाली. जागा कारकुनाच्या भाच्याला मिळाली.

आठवड्याने निरोप आला, नव्या माणसाला चार दिवस काम शिकवायला ह्यांना पाठवा. ह्यांनी गुडघ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नको जाऊस," एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच म्हणाले.

बाहेर वारा सुटला होता. मी चपला घातल्या आणि कोपऱ्यातला खराटा उचलला.