तीन तासांवरचा लेक

खरं सांगून दादाच्या पदरात काय पडणार होतं? आईची काळजी, दुसरं काय! गप्प राहिलं, तर परदेशात राहूनही जवळचा मुलगा म्हणून मिरवता येत होतं. त्याच्या परत जाण्याच्या तिकिटावर आईने वाचलं होतं, सकाळी आठला निघणार, अकराला पोचणार. मधले आठ तास दोन शहरांच्या घड्याळांनी गिळले होते, हे तिच्या गावीही नव्हतं. "तीन तासांवर तर आहे माझा लेक," ती शेजारणींना सांगायची. दोन गल्ल्यांपलीकडे शिवणकाम करणारी धाकटी लेक मात्र "कधी फिरकत नाही" म्हणून बोलणी खायची.

आईचं अपेंडिक्स फुटायला आलं, तेव्हा डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन सांगितलं. आई हटून बसली. "दादा आल्याशिवाय सही करणार नाही. तीन तास काय, असे जातील!"

"आई, अकरा तासांचं विमान आहे गं ते."

"जळतेस त्याच्यावर."

धाकटीने फोन लावला. "दादा, तूच सांग रे तिला खरं."

"आत्ता कशाला तिचा जीव घाबरा करू? दे तिला. आई, निघालोच बघ!"

दुपारी आई म्हणाली, "विमान लेट असेल." संध्याकाळी तिने प्राण सोडला.

दुसऱ्या दिवशी दादा पोचला आणि चारचौघांत कडाडला, "तू जवळ होतीस ना? मग ऑपरेशन का नाही करवलंस?"

शेजारणींनी माना डोलावल्या. जवळचा म्हणून मान दादाने मिरवला, आईने त्यापायी जीव गमावला, आणि जवळ असल्याचा दोष तेवढा धाकटीच्या वाट्याला आला.