नखातली काळी रेघ

थोरल्यानं असं पळून यावं, हे माईंना सहनच होत नव्हतं. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी सुई भरायला घेतली न घेतली, तोच हा चाळिशीचा बाप्या "जरा आलोच" म्हणून उठला तो थेट घरी. बायको तिथेच बाकावर त्याची पिशवी सांभाळत बसलेली.

"मला वाटलं, लघवीला गेलेत," सून सांगत होती.

"लघवीला! सहा फूट वाढला नुसता."

घर कापड रंगवणाऱ्यांचं. बाप्यांची नखं काळी नाहीतर निळी, स्वच्छ नखाचा माणूस माईंच्या लेखी आळशी. त्यामुळे थोरल्याच्या अंगठ्याच्या नखात काळी रेघ उमटली तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. त्यानंच एकदा दाखवली, तर माई म्हणाल्या, "रंग आहे. नखाबरोबर पुढं सरकेल आणि कापला जाईल." रंगातलं माईंना कळतं म्हटल्यावर विषय मिटला.

नखं वाढली, कापली, रेघ जागची हलेना. उलट रुंद झाली. सून म्हणाली, "आई, गिऱ्हाइकं हल्ली फिकेच रंग मागतात. काळ्याचा हौद कधीचा कोरडा पडलाय. मग हा काळा आला कुठून?" माईंनी तिला झटकलं, "तू मला रंग शिकवतेस?" पण काळपटपणा नखाच्या मुळाशी कातडीत उतरला, तेव्हा त्यांनीच दोघांना डॉक्टरीणबाईंकडे धाडलं.

"काय म्हणाल्या बाई?" माईंनी आता विचारलं.

"रंग वरून बसतो, ही रेघ मुळातून येतेय, म्हणाल्या. साधा डागही असेल, पण कॅन्सरही असू शकतो. तुकडा काढून तपासल्याशिवाय सांगता येत नाही. लवकर कळलं तर पुष्कळ काही करता येतं. आणि म्हणाल्या, हात स्वच्छ धुऊन घरातल्या सगळ्यांनी अधूनमधून नखं, तळपाय, पाठ बघत जा. तुमच्याकडे रंगाखाली काहीही लपेल."

माई उठल्या. थोरला कारखान्यात निळ्या हौदावर वाकून काठी फिरवत होता, अंगठा मुठीत दडवून.

"हात दाखव."

"आई, काम आहे."

"हात!"

त्यांनी पदराचं टोक ओलं केलं आणि अंगठा घासायला लागल्या. निळा सुटला, पदरावर उतरला. काळी रेघ तशीच. त्या आणखी जोरानं घासत राहिल्या. थोरला लहानपणी बघायचा तसा त्यांच्या तोंडाकडे बघत होता. आई म्हणेल 'रंगच आहे', की सुटलो. तेच शब्द माईंच्या ओठांवर आले होते. त्यांनी ते गिळले.

"अंगठा कापतील गं," तो हळूच म्हणाला. "मग कापड पिळू कशानं?"

"कापतील असं म्हणाल्या बाई?"

"नाही. पण कापला तर?"

"तर मी पिळीन. अजून मनगटात जोर आहे माझ्या."

तो हसला नाही. माईंनी त्याचा हात सोडला नव्हता. मागे दारात सून पिशवी घेऊन उभी होती.

"तू भित्रा आहेस," माई म्हणाल्या. "आणि तुला रंग आहे म्हणून सांगणारी मी मूर्ख. आता दोघं मिळून त्या बाईंपुढं बसू. घाल चपला."